चाळीस चिंचोके

चिंच फोडायला बसले की सून म्हणते, "आई, सोललेली चिंच पाकिटात मिळते हो आता." मिळत असेल. मला फोडायचीच असते. टरफलं एकीकडे, शिरा एकीकडे, गर बरणीत आणि चिंचोके ताटलीत. ताटली भरली की बोटं आपोआप मोजायला लागतात आणि चाळीसला थांबतात. ते चाळीस मी फडक्यात बांधून खिडकीत ठेवते आणि दोन-चार दिवसांनी टाकून देते. सुनेला वाटतं, सासूबाईंचं वय झालं. झालंच आहे, पण त्याचा चिंचोक्यांशी काही संबंध नाही. मला गायकर सिस्टरांची आठवण येते आणि ती आली की काय करावं सुचत नाही, म्हणून मी मोजत बसते.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी माझी बदली डोळखांबच्या पलीकडच्या एका गावात झाली. शहापूरहून एसटी दिवसातून दोनदा, तीही तिच्या मनात आलं तर. शाळेत मी एकटी मास्तरीण. राहायला खोली मिळाली ती आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीला भिंत लागून. उपकेंद्र म्हणजे एक टेबल, एक खाट, आढ्याला लटकवलेला वजनकाटा आणि गायकर सिस्टर. आसपासचे नऊ पाडे त्यांच्याकडे होते, आणि नऊच्या नऊ पायी.

बाई काटकुळ्या, चाळिशीच्या पुढच्या. पांढरी साडी, पायात पुरुषी चपला आणि हातात बारा महिने तेरा काळ छत्री. भर उन्हाळ्यातही ती मिटलेलीच असायची. कुत्र्यांना हाकलायला, करवंदीच्या जाळ्या बाजूला सारायला आणि बोलताना समोरच्यावर रोखायला ती लागायची. पहिल्याच दिवशी माझ्यावर रोखून म्हणाल्या, "मास्तरीण, चहा कोराच मिळेल. दूध पोटुशींना लागतं." उपकेंद्रामागे त्यांनी एक शेळी पाळली होती. तिच्या दुधाचा एक थेंबही मी कधी त्यांच्या चहात पाहिला नाही.

"दिवस भरू दे," हे त्यांचं पालुपद. चुलीवरच्या भाताचं झाकण मी लवकर उचललं की, "दिवस भरू दे गो त्याचे." लोणचं मुरायच्या आत उघडलं की तेच. दोन महिन्यांत कंटाळून मी बदलीचा अर्ज लिहायला घेतला, तर म्हणाल्या, "इथले दिवस भरले नाय अजून तुझे." आणि कागद घेऊन त्यावर शेळीच्या औषधाचा हिशोब लिहिला. मला राग आला होता. पण अर्ज काही मी पुन्हा लिहिला नाही.

शाळेमागे आंब्याचं झाड होतं. मी मुलांकडून कैऱ्या पाडून घ्यायचे, तिखटमीठ लावून सिस्टरांपुढे ठेवायचे. त्या कधी हात लावायच्या नाहीत. "कच्चं तोडलेलं मी नाय खात." मला वाटायचं, दात आंबत असतील.

त्या भागात बायका दिवस भरायच्या आत बाळंत व्हायच्या. एवढ्या की कुणाला त्याचं नवल नव्हतं. "कच्चं झालं," एवढंच म्हणायचे. दोन शब्द बोलले की विषय संपला, आणि तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा शेतात. मी नवी होते, मला वाटायचं की हे नशिबाचंच असणार. तसं एकदा बोलून गेले आणि छत्री रोखली गेली.

"नशीब? डोक्यावर दोन हंडे नशिबानं ठेवले? मूल बारीक राहावं, सुटायला सोपं जावं म्हणून सासू पोटुशीला अर्धी भाकर वाढते, ती नशिबाला विचारून वाढते? थंडी वाजून ताप येतो, अंगावर काढते. लघवीला आग होते, लाजेनं सांगत नाय. पंधराव्या वर्षी लगीन, एक अंगावर पितंय तोवर दुसरं पोटात. आणि वरून विटांच्या भट्टीवर जाऊन चिखल तुडवायचा. मूल काय करेल मग? ते बाहेरच पळणार!"

त्यांचं काम करायची रीत म्हणजे सगळ्या गावाची अब्रू चव्हाट्यावर. विहिरीवर जायच्या आणि भरल्या गर्दीत विचारायच्या, "काय गो, लघवीला आग होते का? ओटीपोटात दुखतं का?" पोरी पदरात तोंड लपवायच्या, म्हाताऱ्या शिव्या द्यायच्या. सरपंच उपकेंद्रात आले. "शिस्टर, हे बोलनं बरं दिसत नाय." सिस्टर म्हणाल्या, "सरपंच, आग तिला होते आणि लाज तुमाला वाटते? असं कसं चालेल?" सरपंच निघून गेले. आठ दिवसांनी त्यांची सून पदर डोक्यावर ओढून मागच्या दाराने आली आणि गोळ्या घेऊन गेली. पुढे तिला बाळसेदार मुलगा झाला, तेव्हा सरपंचांनी सिस्टरांना पहिला पेढा दिला.

मिश्रीवर त्यांचा दात. कुठल्याही घरात शिरल्या की आधी कोनाड्यात हात. तंबाखूची मिश्री सापडली की डबी सरळ पिशवीत. एक म्हातारी भांडायला आली, "मग दात कशानं घासू?" सिस्टर म्हणाल्या, "तू घास गो माय, तुझं आता काय व्हायचं राहिलंय? तुझी सून पोटुशी हाय, तिनं घासायची नाय." म्हातारीसकट सगळ्या हसल्या आणि डबी गेली ती गेलीच.

आता चिंचोक्यांचं. बायकांना तारखा कळायच्या नाहीत. तारीख विचारली की त्या आकाशाकडे बघायच्या. म्हणून सिस्टर सणांवरून विचारायच्या. पाळी पाडव्याच्या आधी आलेली की नंतर? आखाजीला आलेली? मग बोटांवर हिशोब करून जितके आठवडे उरले तितके चिंचोके फडक्यात बांधून द्यायच्या. एकूण चाळीस आठवड्यांचा हिशोब. दर बाजाराच्या दिवशी एक काढून फेकायचा. पुरचुंडी रिकामी होत आली की समजायचं, आता कधीही. तोवर डोक्यावर ओझं नाही, भट्टी नाही, पोटात दुखलं, पाणी गेलं, ताप आला की धावत उपकेंद्रात. प्रत्येक पोटुशीच्या घरात खुंटीला अशी एक पुरचुंडी लोंबायची. माझ्या खोलीतल्या माळ्यावर चिंचोक्यांचं अख्खं गाडगं होतं. चिंच फोडायचं काम अर्थात माझ्याकडे.

जनी आमच्या जवळच्याच पाड्यावरची. वय असेल वीस-एकवीस. दोनदा कच्चं झालेलं. पहिलं भिवंडीकडच्या भट्टीवर, विटांच्या थरांमागे, सातव्या महिन्यात. दुसरं घरी, त्याच्याही आधी. तिसऱ्या खेपेला दिवस गेल्याचं तिने लपवून ठेवलं नाही. आषाढात स्वतः चालत आली, सिस्टरांच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "शिस्टर, ह्या टायमाला मला जगलेलं पायजे."

सिस्टरांनी रजिस्टर पुढे ओढलं. मग विचारलं, "पाळी कधी?"

"पाडव्याला."

त्यांनी बोटं मोजली. "पौषाच्या पुनवेला चाळीस भरतात. म्हशाची जत्रा असते तेव्हा. जत्रेला बाळ दाखवीन तुला. पण मी सांगेन ते सगळं करायचं."

जनीपेक्षा सिस्टरच जास्त करायला लागल्या. रक्तवाढीच्या गोळ्या समोर बसून गिळायला लावायच्या. जेवणाच्या वेळेला जाऊन टोप उघडून बघायच्या. शेळीचं दूध रोज जनीला. मुख्य प्रश्न पाण्याचा होता. विहीर खाली, पाडा वर. सिस्टरांनी तिच्या नवऱ्याला, धोंडूला, सांगितलं, "हंडा तू आणायचा." बाप्याने हंडा आणायचा! सगळा पाडा हसायला लागला. धोंडू दोन दिवस रानात लपला. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी छत्री माझ्याकडे दिली, स्वतः हंडा उचलला आणि चढ चढायला लागल्या. धोंडूला ते बघवेना. त्याने हंडा हिसकावून खांद्यावर घेतला आणि मान खाली घालून चालू पडला. पोरं मागून ओरडत होती, "धोंडू पाण्याला चाल्ला!" पण महिन्याभराने आणखी दोघेजण हंडे नेताना दिसले. कुणाचं लक्ष नाही असं बघून, पण नेत होते.

गणपती गेले, दिवाळी गेली. जनीचं पोट छान दिसायला लागलं. बाजारच्या दिवशी पाड्यावरून आल्या की सिस्टर मला सांगायच्या, "दहा राहिले. नऊ राहिले." परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशा अस्वस्थ असायच्या.

जनीची नणंद सुगी माझ्या शाळेत तिसरीत होती. एका दुपारी मधल्या सुट्टीत ती काहीतरी कुडुमकुडुम खात होती. मी विचारलं तर तिने मूठ उघडली. भाजलेले चिंचोके. "बाई, तुमी घ्या." दोन दिले. मला लहानपणापासून आवडतात. खाल्ले. खरपूस होते. एवढी वर्षं झाली तरी ती चव माझ्या जिभेवरून जात नाही.

पुढच्याच आठवड्यात सिस्टर दोन दिवस मीटिंगला शहापूरला गेल्या होत्या. पाड्यावरच्या माणसांना कामाला न्यायला भट्टीचा ट्रक दोन दिवसांत येणार होता. जनीची सासू होसाबाय हिने पुरचुंडी सोडून बघितली, तर आत दोनच चिंचोके. ती वाईट बाई नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. जनीचं पहिलं मूल तिने स्वतःच्या हाताने भट्टीच्या मागे पुरलं होतं. ट्रक येईल, आपण सगळे जाऊ, सून एकटी राहील, नाहीतर हट्टाने मागे येईल आणि पुन्हा विटांच्या आड बाळंत होईल, ही तिची धास्ती. दोन आठवडे म्हणजे दिवस भरल्यातच जमा. आपण इथं आहोत तोवर मोकळी होऊ दे. म्हणून तिने सकाळी सुनेला कळा आणायचा कडक काढा पाजला आणि हातात मुसळ दिलं.

साडेअकराला सुगी शाळेत धावत आली, "बाई, वयनीच्या पोटात कळा येतात." मी पोरांना सोडून पळाले. त्याच वेळी एसटीतून सिस्टर उतरत होत्या. आम्ही दोघी वर पोचलो तेव्हा जनी भिंतीला टेकून ओठ चावत होती. सिस्टरांनी तिचं पोट चाचपलं. मग खुंटीवरची पुरचुंडी काढून तळहातावर ओतली.

"दोन? सात पायजेत! पाच कुठं गेले?"

होसाबायला काही कळेना. सुगी भोकाड पसरून रडायला लागली. "भूक लागली होती. चुलीत भाजले. तीन मी खाल्ले… आन् दोन बाईंना दिले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. जनीच्या बाळाचे दोन आठवडे मी मधल्या सुट्टीत चावून खाल्ले होते.

सिस्टरांनी धोंडूला जीप आणायला पिटाळलं, जनीला डाव्या कुशीवर निजवलं. जीपमध्ये जनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "शिस्टर, भरले नाय ना? भरले नाय ना अजून?" सिस्टर म्हणाल्या, "भरू. आपण भरू." शहापूरच्या दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. माझ्या वितीएवढी. रडली तेव्हा मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला.

मी व्हरांड्यात सिस्टरांचे पाय धरायला गेले. त्यांनी मला उठवलं. "तुझी चूक नाय, मास्तरीण. सुगीची नाय आणि म्हातारीची पण नाय. पोरं उपाशी असतात त्या घरात मी खायची वस्तू मोजायला दिली. अक्कल माझी कमी." आणि पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं, छत्रीच्या मुठीवर कपाळ टेकून.

मग डोळे पुसून त्या आत गेल्या. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं ते त्यांनी तिथल्या डॉक्टरांकडून पुन्हा नीट समजून घेतलं. बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीला लावायचं, वरून लुगड्याने बांधायचं आणि तसंच ठेवायचं. आठ-दहा दिवसांनी सोडलं, तेव्हा जनीला घरी न पाठवता उपकेंद्रातच ठेवून घेतलं. पुरचुंडीत सात चिंचोके घातले, एक लगेच काढला आणि पुरचुंडी खाटेच्या दांडीला बांधली. "पोटात भरले नाय, ते आता बाहेर भरायचे," त्या जनीला म्हणाल्या.

मधल्या दिवसांत ट्रक येऊन गेला होता, धोंडू गेला, पण होसाबाय गेली नाही. ती बाळाला न्हाऊमाखू घालायला तेल घेऊन आली तर सिस्टर दारात छत्री आडवी धरून बसलेल्या. "न्हाण नाय, तेल नाय, कुणी मुका घ्यायचा नाय." जनी जेवायला, विधीला उठली की बाळ सिस्टरांच्या छातीशी. पांढऱ्या साडीच्या आत ते गाठोडं घेऊन त्या रजिस्टर भरायच्या, शेळीला पाला घालायच्या. जनीचं दूध वाटीत काढून चमच्याने थेंब थेंब पाजायच्या. मी शाळेतून आले की मीही तासभर बसायचे. मला ते काम देताना त्या म्हणाल्या, "दोन आठवडे तुझ्याकडे बाकी आहेत, नाय का?" मी रडत हसले.

बाजारामागून बाजार गेले, पाच, चार, तीन. पौषाच्या पुनवेला सातवा चिंचोका जनीने स्वतः काढून अंगणात फेकला. बाळाने तोवर गाल धरले होते. सिस्टरांनी त्या दिवशी शेळीच्या दुधाची खीर केली आणि छत्री वर करून जाहीर केलं, "हिचा जन्म आज धरायचा!" नाव ठेवलं जत्री. आणि त्या दिवसापासून पुरचुंडीत चिंचोके गेले, रानातल्या कडू सागरगोट्या आल्या. त्या कुणी खात नाही.

पुढे काही वर्षांनी सिस्टरांची बदली मुरबाडकडे झाली आणि तिकडेच त्या निवृत्त झाल्या. भिंतीपलीकडून "दिवस भरू दे" ऐकू येईना, तेव्हा मला ती खोली खायला उठली. त्यांच्या जागी आलेली मुलगी चांगली होती, दुधाचा चहा द्यायची. मला तो गोड लागला नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट, जत्री तेव्हा बारा वर्षांची. म्हशाच्या जत्रेत धोंडू आणि जनी बैल घ्यायला आले होते आणि मी उगाचच, हिंडायला. बैल घेऊन त्यांना चालत परत जायचं होतं. जनी म्हणाली, "बाई, हिला शिस्टरला दाखवून आना. शाळेत पयली येते म्हनून सांगा." आणि पिशवीभर नवे तांदूळ दिले. आम्ही दोघी मुरबाडला गेलो.

सिस्टर भावाच्या घरामागच्या खोलीत एकट्याच राहत होत्या. खूप वाळल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसायचं. जत्रीचं मनगट चिमटीत धरून बघितलं, पापणी खाली ओढून बघितली. "रक्त बरं आहे. हिचं लगीन कधी काढतील?" मी म्हटलं, "जनी म्हणते, शिकवणार." "शिकव. आणि अठरा भरू दे, वर चार भरू दे." जत्री लाजून बाहेर अंगणात पळाली.

कोरा चहा झाला. सिस्टरांनी चाचपडत फळीवरून एक पितळी डबी काढली आणि माझ्या हातात दिली. आत फडक्यात चिंचोके. जुने, काळपट, पण गुळगुळीत.

"मोज."

नऊ होते.

"माझे आहेत," त्या म्हणाल्या. "नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीचे. चाळीस घेतले होते आईच्या बरणीतून, एकतीस काढले. तापात फणफणत होते, आग होत होती, लसीचा डबा खांद्याला लावून डोंगर चढत होते. सगळ्यांना गोळ्या वाटायची, स्वतः घेतली नाय. मुलगी झाली. अकरा दिवस होती. कापसात गुंडाळून पाळण्यात ठेवलेली, लांब. कुणी सांगितलंच नाय गो मला, मास्तरीण, की पोटाबाहेर पण दिवस भरता येतात. छातीशी धरायची म्हणून कुणी सांगितलंच नाय."

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. कैरी पुढे केली की त्या मान का फिरवायच्या, ते मला इतक्या वर्षांनी कळलं, आणि मी त्यांच्यापुढे दर उन्हाळ्यात ती बशी ठेवत होते.

तेवढ्यात जत्री आत आली. डबीत डोकावून एकदम खूश होऊन म्हणाली, "शिस्टर, चिंचोके! भाजू?"

मी तिला गप्प करायला हात वर केला. पण सिस्टरांनी माझ्या हातातली डबी घेतली आणि तिच्या आवाजाच्या दिशेने पुढे केली. मग म्हणाल्या, "भाज."

जत्रीने तवा ठेवला. चिंचोके तडतडायला लागले, खोलीभर खरपूस वास सुटला. तिने साली चोळून काढल्या, फुंकर मारली आणि वाटण्या केल्या, तिघींना तीन तीन. सिस्टरांनी त्यांच्यातला एक परत तिच्या हातावर ठेवला. मी माझे मुठीतच धरून ठेवले, तर छत्री रोखून म्हणाल्या, "खा गो. आता खायलाच आहेत."

एसटीला सोडायला त्या फाट्यापर्यंत आल्या. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे बघितलं. रस्त्याच्या कडेला त्या उभ्या होत्या, मिटलेली छत्री वर उचललेली. जत्री हात हलवत होती, ते त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. दात फारसे उरले नव्हते, म्हणून गाडी वळेपर्यंत त्यांचं तोंड हलत होतं. चिंचोका अजून चघळत होत्या.